एका प्रतीची छपाई

(निवेदन)

ऑर्डर आल्याशिवाय हे पुस्तक छापलंच जात नाही. गोदामात त्याचा गठ्ठा नाही, दुकानाच्या फळीवर प्रत नाही. आहेत त्या दोन पीडीएफ फाइली, एक आतल्या मजकुराची आणि एक कव्हरची. नाशिकहून कुणी पैसे भरले की फाइल डिजिटल प्रेसकडे जाते. पानं छापून येतात, कण्याला, म्हणजे पुस्तकाच्या पाठीला, गरम गोंद लागतो, कव्हर चिकटतं, तीन बाजू कापल्या जातात आणि एक प्रत, फक्त एक, पाकिटात पडते.

प्रिंट ऑन डिमांड, म्हणजे मागणी आली की छपाई. अमेरिकेत इन्ग्राम या पुस्तक-वितरक कंपनीनं 1997 मध्ये या धर्तीवर काम सुरू केलं. आपल्याकडे बंगळुरूच्या पोथी डॉट कॉमनं 2008 साली ही वाट लेखकांना खुली केली. पुढे चेन्नईची नोशन प्रेस आली, आणखीही काही आल्या.

त्याआधी स्वतःचं पुस्तक स्वतः काढायचं म्हणजे पदरमोड. ऑफसेटला प्लेट बनवा, मशीन लावा. एवढा खर्च एकदा झाला की पन्नास प्रती छापणं परवडत नाही. म्हणून पाचशे, नाहीतर हजार. त्यातल्या शंभर खपायच्या, शंभर 'सप्रेम भेट' म्हणून जायच्या आणि बाकीच्या पलंगाखाली. महाराष्ट्रात असे पलंग किती आहेत, याची मोजदाद कुणी केलेली नाही, पण साहित्यात रमणाऱ्या घरात एखादा सापडतोच. ज्यांना हेही परवडत नव्हतं त्यांनी दुसरे मार्ग काढले. 1950 च्या दशकात मुंबईत कवी अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवर, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढणाऱ्या यंत्रावर, काढलं. प्रकाशक मिळेपर्यंत थांबायचं नाही, ही खुमखुमी मराठीला नवी नाही.

(दृश्य: कोल्हापूर. माडीवरची खोली, टेबलावर मोबाइल आणि जुन्या डायऱ्या.)

आपल्या या पुस्तकाचे लेखक एसटीतून निवृत्त झालेले वाहक. नाव सांगायचं नाही, या अटीवर ते कॅमेऱ्यासमोर बसले. नोकरीचा बराच काळ गगनबावड्याकडच्या गाड्यांवर गेला. करूळ घाट, भुईबावडा घाट, पावसाळ्यात दरड कोसळली की रात्र गाडीतच. डायऱ्यांमध्ये हे सगळं होतं. त्यांनी ते टाइप केलं नाही, मोबाइलला वाचून दाखवलं. फोन ऐकतो आणि लिहितो. विरामचिन्हं मात्र त्याला फारशी जमत नाहीत, त्यामुळे पहिल्या मसुद्यात एक वाक्य तीन पानं चाललं होतं.

हा मजकूर गेला ओळखीच्या डीटीपीवाल्याकडे, म्हणजे संगणकावर पानं लावणाऱ्याकडे. तो गेली अनेक वर्षं लग्नपत्रिका, अहवाल आणि दिवाळी अंक लावतोय, हात बसलेला आहे. पण त्याचा हात जुन्या फॉन्टवर बसलेला. मराठी डीटीपीचं एक आख्खं युग श्रीलिपी आणि सीडॅकच्या आयएसएम या टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर उभं राहिलं. त्या काळातल्या फॉन्टमध्ये 'क'च्या जागी संगणकाच्या लेखी भलतंच रोमन अक्षर असतं, फक्त दिसतं 'क'. कागदावर उतरवायचं असेल तर बिघडत काही नाही. ऑनलाइन दुकानाच्या चौकटीत त्याच फॉन्टमधलं पुस्तकाचं नाव चिकटवलं की समोर उमटते निव्वळ अगम्य अक्षरांची रांग. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणायचा, आणि खरी परीक्षा तिथे असते.

(दृश्य: पडद्यावर प्रूफचं एक पान, एका ओळीवर कॅमेरा स्थिर.)

ही ओळ पाहा. मूळ वाक्य होतं, 'खाली दऱ्या, वर धुकं.' रूपांतर झाल्यावर आलं, 'खाली दर्या, वर धुकं.' करूळ घाटाच्या पायथ्याशी समुद्र आला! 'ऱ्य'मधला तो आडवा र रूपांतरात हमखास दगा देतो. वाऱ्यावर, दुसऱ्या, कोपऱ्यात, बिचाऱ्या. प्रत्येक ठिकाणी रफार चढून बसला होता. "काका, हे फॉन्टमुळे झालंय," डीटीपीवाला म्हणाला. काका म्हणाले, "वाचणारा मला हसणार, फॉन्टला नाही." मग दोघांनी मिळून एकेक 'ऱ्य' शोधून काढला.

इथे फॉन्टची निवड महत्त्वाची. अनेक देवनागरी फॉन्ट हिंदी वळणाचे असतात. त्यातला 'ल' आणि 'श' मराठी डोळ्याला खटकतो. आयआयटी मुंबईचा शोभिका, किंवा मुंबईच्याच 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता, असे चांगले फॉन्ट आज मोफत मिळतात. सलग वाचायच्या पुस्तकाला मुक्तापेक्षा शोभिकाचं पारंपरिक वळण बरं, असं आमचं मत. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम असेल तर त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय चालू आहे ना ते पाहायचं, नाहीतर पहिली वेलांटी अक्षर सोडून पलीकडे जाऊन बसते. आणि पीडीएफ करताना फॉन्ट फाइलीतच गुंफायचा.

पुस्तकाचा आकार ठरला डेमी, साडेपाच बाय साडेआठ इंच. पृष्ठं 160, आत 70 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 70 ग्रॅम भरणारा, नॅचरल शेड कागद. आता कव्हर. मलपृष्ठ, कणा आणि मुखपृष्ठ एकाच सलग कागदावर छापतात, त्यामुळे कण्याची रुंदी आधी माहीत हवी. 160 पृष्ठं म्हणजे 80 पानं. एका पानाची जाडी 0.1 मिलिमीटर धरली तर कणा होतो 8 मिलिमीटर. त्याप्रमाणे कव्हर तयार झालं. आणि मग काकांना भुईबावड्याचा एक किस्सा आठवला. मग दुसरा. चोवीस पृष्ठं वाढली, कणा सव्वानऊ मिलिमीटरच्या आसपास गेला आणि कण्यावरचं नाव सरकून घडीवर आलं. कव्हर पुन्हा. मजकुरावर शेवटचा हात फिरल्याशिवाय कव्हर करू नये, हे छपाईतल्या प्रत्येकाला माहीत असतं. लेखकाला ते कुणी सांगत नाही, कारण पूर्वी ते त्याचं कामच नव्हतं.

प्लॅटफॉर्मनं, म्हणजे मागणीनुसार छापून देणाऱ्या अशा वेबसाइटनं, प्रकाशकाला बाजूला केलं, असं सर्रास म्हटलं जातं. बाजूला झाला तो माणूस. त्याचं काम तिथेच राहिलं. संपादन, मुद्रितशोधन, कागदाची निवड, किंमत, विक्री, हे सगळं आता लेखकाच्या अंगावर येतं. वेबसाइट फाइलची मापं तपासते, मजकूर नाही. 'खाली दर्या' तिनं आनंदानं छापलं असतं.

हीच पोकळी भरून काढायला मग 'पॅकेज' येतात. संपादन, कव्हर, प्रसिद्धी, वर 'बेस्टसेलर'चा शिक्का, सगळं एकरकमी. सेवा विकत घ्यायला हरकत नाही, चांगला मुद्रितशोधक पैसे घेणारच. पण पुस्तक आवडलं म्हणून फोन करणारा त्याच फोनवर हप्ते समजावून सांगू लागला, की तो वाचक शोधत नाही, गिऱ्हाईक शोधतोय.

आयएसबीएनचंही तसंच. पुस्तकाची ओळख पटवणारा हा तेरा आकडी क्रमांक विकणारे लोक भेटतात, आणि भारतात तो फुकट आहे. शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी तो देते, अर्ज ऑनलाइन करायचा, लेखक स्वतः करू शकतो. सुरुवातीचे आकडे 978-93 किंवा 978-81 असतील तर तो भारतातला. प्लॅटफॉर्मही क्रमांक देतो, पण मग प्रकाशक म्हणून कुणाचं नाव लागणार, हे आधी विचारून घ्यावं. काकांनी स्वतःच्या नावावर घेतला. थोडा वेळ लागला, पण घेतला.

आता पैसे. समजा एका प्रतीचा छपाईखर्च 120 रुपये आणि किंमत ठेवली 220. प्लॅटफॉर्मनं ती दुसऱ्या मोठ्या ऑनलाइन दुकानात ठेवली आणि त्या दुकानाचा वाटा समजा 35 टक्के, म्हणजे 77 रुपये. लेखकाच्या हातात 23. किंमत वाढवावी तर तीनशे रुपयांना अनोळखी लेखकाचं पुस्तक कोण घेणार? एकेक प्रत छापण्याचं हे भाडं आहे, आणि ते लपवून 'मोफत प्रकाशन' म्हणणं आम्हाला पटत नाही. पण पलंगाखाली काही नाही, कर्ज नाही आणि चूक सापडली तर दुरुस्त फाइल चढवली की पुढची प्रत शुद्ध. ही सोय त्या भाड्यात आहे.

दुकानाच्या फॉर्मवर नाव देवनागरीत भरलं, तसं रोमन अक्षरांतही. मराठी पुस्तक शोधणारे बरेचजण इंग्रजी कळफलकावरच शोधतात. परदेशातल्या नातेवाइकांसाठी वाचकाच्याच देशात छापून देणारे प्लॅटफॉर्म आहेत, मात्र ते कोणत्या भाषा स्वीकारतात ती यादी आधी वाचावी.

(दृश्य: टपाल कार्यालय. खिडकीशी काका, हातात चार पाकिटं.)

ही चार पाकिटं विक्रीची नाहीत. 1954 च्या कायद्यानुसार भारतात पुस्तक प्रकाशित करणाऱ्यानं तीस दिवसांच्या आत स्वखर्चानं चार ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय. प्रकाशक स्वतःच असलेल्या लेखकांपैकी अनेकांच्या हे गावीही नसतं. डेमी आकाराची ही प्रत वजनाला 300 ग्रॅमच्या आत बसते. टपाल खात्याच्या 1 मे 2025 पासून सुरू झालेल्या ज्ञान पोस्ट या पुस्तकांसाठीच्या सेवेत तेवढ्या वजनाचा दर कर सोडून 20 रुपये.

विक्री? ऑनलाइन थोडी झाली, पुण्या-मुंबईकडून. पण काकांचा खरा वाचक डेपोत आहे. वाहक, चालक, वर्कशॉपमधले मेकॅनिक, निवृत्त मंडळी. ते लिंक उघडत नाहीत, हातात पुस्तक द्या म्हणतात, आणि पैसे रोख देतात. त्यांच्यासाठी एकेक प्रत महागात मागवण्यात अर्थ नव्हता. तीच दुरुस्त पीडीएफ घेऊन काका इचलकरंजीच्या एका प्रेसमध्ये गेले आणि ऑफसेटवर तीनशे प्रतींचा दर विचारला. एका प्रतीचा खर्च बराच खाली आला. किंमत ठरली दीडशे, डेपोतल्यांना शंभर. ऑनलाइन पान तसंच चालू ठेवलंय, लांबच्यांसाठी. तीनशेपैकी निम्म्या प्रतींची नावं त्यांनी पैसे घेऊन आधीच वहीत लिहून घेतली होती, आणि प्रेसला आगाऊ रक्कम त्याच पैशातून दिली.