माळ्यावरचा कुकर

इंदूरच्या रामबागेतलं हे स्वयंपाकघर. कुकर आहे, पण माळ्यावर. वरण पातेल्यात शिजतं. आत्या म्हणतात, "तास लागतो तर लागू दे. शिट्टी झाली की पोरगं जिन्याखाली जाऊन बसायचं."

पोरगं म्हणजे त्यांचा भाचा. महूचा, वय 19. महूच्या फायरिंग रेंजवर सरावात डागलेले सगळेच गोळे फुटत नाहीत. मातीत रुतलेले असे गोळे भंगारासाठी कुणी ना कुणी उकरून काढतं. दोन वर्षांपूर्वी मित्राने असाच एक दाखवायला आणला आणि याने तो हातात घेतला. उजवा हात मनगटापासून गेला.

जखम भरली, कृत्रिम हात बसला, फाईल बंद झाली. झोप मात्र परत आली नाही. रात्री नसलेल्या हाताची मूठ आवळली जाते, नखं तळव्यात रुततात आणि मूठ काही केल्या उघडत नाही. ऐकणाऱ्याला हा भ्रम वाटतो. पण हात गेला तरी मेंदूत त्याची जागा राखलेली असते, आणि दुखणं खरंच असतं.

1990च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी यावर साधा आरसा वापरला. इथे आधी आत्यांची फणेरपेटी काढली. आरसा लहान पडला, म्हणून कपाटाचा आणला. धड हात आरशापुढे, थोटा मागे. डावी मूठ सावकाश उघडायची, म्हणजे आरशात उजवी उघडताना दिसते. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. याला थोडा आला.

लोकांच्या एका प्रश्नावर मात्र असा आरसा नाही. लग्नात, रिक्षात, दवाखान्याच्या रांगेत तोच प्रश्न: "कशाला हात लावलास?"

व्हिएतनाम युद्धाच्या काळात, 1964 ते 1973 मध्ये, अमेरिकेने शेजारच्या लाओसवर 27 कोटींच्या आसपास छोटे बॉम्ब टाकले. त्यांतले 30 टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत. चेंडूएवढे असतात, तिथे त्यांना 'बॉम्बी' म्हणतात. युद्ध संपल्यावर जन्मलेली मुलंही त्यांनी जायबंदी झाली. चेंडू दिसला की मूल उचलणारच! त्या मुलांनाही हाच प्रश्न विचारायचा का? असे छोटे बॉम्ब विखरणाऱ्या मोठ्या बॉम्बला क्लस्टर बॉम्ब म्हणतात; त्यांच्या विरोधातल्या 2008च्या करारात जखमींना मानसिक आधार देणं हे सरकारांचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. भारताची त्यावर सही नाही.

आपल्याकडे टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे. 14416, चोवीस तास, मराठीतही. या घरातून पहिला फोन आत्यांनी केला. त्याने रिसीव्हर हातात घ्यायला आणखी आठ दिवस गेले.

आज दिवाळी. खिडकीवर गोधडी टांगली आहे. संध्याकाळी खालच्या मजल्यावरची मुलं दाराशी आली. "दादा, आठ वाजता उडवतो. चारच सुतळी बॉम्ब, मोजून."

आठ वाजले. त्याने गोधडीचा कोपरा थोडा बाजूला केला आहे. तीन झाले. चौथ्यासाठी तो खिडकीशीच उभा आहे.