खरं आहे, पण उत्तर नाही

(नाशिकमध्ये व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आधी एक उतारा सांगते. पेन खाली ठेवा, नुसतं ऐका. 'गेल्या महिन्यात एका बाजार समितीत कांद्याची आवक जवळजवळ दुप्पट झाली आणि त्याच महिन्यात भाव निम्म्यावर आला. त्यामुळे समितीने रोज ठरावीक गाड्याच आत घेतल्या, तर भाव पुन्हा पहिल्यासारखा होईल.' आता सांगा, हा युक्तिवाद सगळ्यांत जास्त कशानं कमकुवत होतो?

पर्याय एक: लाल कांदा टिकत नाही, चाळीत ठेवला की सडतो. दोन: त्या भावात शेतकऱ्याचा उत्पादनखर्चही सुटत नव्हता. तीन: ज्या शेजारच्या समित्यांमध्ये आवक अजिबात वाढली नव्हती, तिथंही भाव तेवढाच पडला. चार: व्यापारी मधूनमधून लिलाव बंद ठेवतात. तुमच्या जीमॅट या प्रवेशपरीक्षेत पर्याय पाच असतात, पण बोलताना चार पुरे.

हात बघा, निम्म्याहून जास्त जण एक नंबरवर. मला हेच अपेक्षित होतं. ज्यानं कांदा फक्त पिशवीत पाहिलाय त्याला हा प्रश्न सोपा जातो. तुम्हाला अवघड जातो, कारण तुम्ही निफाडचे, चांदवडचे, येवल्याचे. चाळ डोळ्यांसमोर आली, सडका वास आला आणि बोट पर्याय एकवर गेलं. पण उतारा बोलतोय भावाबद्दल. गाड्या कमी घेतल्या तर शेतकऱ्याचं नुकसान होईल हे खरंच आहे, पण नुकसान होईल की नाही असं कुणी विचारलंच नव्हतं. उलट सडलेला कांदा बाजारात येणारच नाही, म्हणजे माल आणखी कमी. मग पर्याय एकनं युक्तिवाद कमकुवत कसा झाला?

उत्तर तीन. लेखकाकडे पुरावा एवढाच आहे की दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या. त्यावरून त्यानं ठरवून टाकलं की एकीमुळे दुसरी घडली. आवक न वाढताही भाव पडला असेल, तर कारण दुसरीकडे आहे आणि गाड्या अडवून उपयोग नाही. असं प्रत्यक्षात होतंही. 8 डिसेंबर 2023 रोजी केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा जिल्ह्यात भाव कोसळले आणि लिलाव बंद पडले. त्याचं कारण लासलगावच्या फाटकावर किती ट्रॅक्टर उभे आहेत यात नव्हतं, दिल्लीच्या एका अधिसूचनेत होतं.

माझ्याकडे येणारे बहुतेक जण सुरुवातीला सांगतात, 'मॅडम, इंग्रजी कच्चं आहे म्हणून क्रिटिकल रीझनिंग चुकतं.' क्रिटिकल रीझनिंग म्हणजे युक्तिवाद तपासायला लावणारे हे असे प्रश्न. इंग्रजीमुळे थोडं असेलही. पण त्यांना तोच उतारा मराठीत सांगितला तरी ते तोच चुकीचा पर्याय निवडतात, तुम्ही आत्ता निवडलात तसा. अडचण इंग्रजीची कमी आणि स्वतःच्या माहितीची जास्त आहे. खरं वाटणारं वाक्य दिसलं की आपण ते उत्तर म्हणून उचलतो. परीक्षा काढणारे हे पक्कं ओळखून असतात. 'पुढीलपैकी कोणतं विधान खरं असल्यास' असंच प्रश्नात लिहिलेलं असतं, म्हणजे पाचही विधानं खरी धरूनच चालायचं आहे. खऱ्याखोट्याचा निवाडा तुमच्याकडे मागितलेलाच नाही. त्या खऱ्यानं निष्कर्षाचं काय होतं, एवढंच सांगायचं आहे.

म्हणून पर्यायांकडे पाहायच्या आधी एक काम करा. उतारा एका मराठी वाक्यात सांगा: 'याचं म्हणणं असं, का, तर असं.' मनातल्या मनात चालेल, पण सांगाच. मग स्वतःला विचारा, या 'का, तर' मध्ये न बोललेलं काय आहे? ते सापडलं की पर्याय वाचा. ते न शोधता पर्याय वाचलेत, तर पाच हुशार माणसं पाच बाजूंनी तुम्हाला ओढतील.

आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या जुन्या भारतीय शास्त्रात, हे काम फार बारकाईनं झालेलं आहे. पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथं धूर आहे, हे अनुमान तुम्ही ऐकलं असेल. ते उभं राहतं 'जिथं धूर तिथं अग्नी' या व्याप्तीवर, म्हणजे कधीच न चुकणाऱ्या संबंधावर. आता ते उलटं करून पाहा: पर्वतावर धूर आहे, कारण तिथं अग्नी आहे. ऐकायला तितकंच बरं वाटतं, पण नैयायिक, म्हणजे या शास्त्राचे पंडित, लगेच तापलेला लोखंडाचा गोळा पुढे करतात. अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी ओलं सरपण लागतं आणि ती अट कुणी बोलून दाखवली नव्हती. तिला ते उपाधी म्हणतात. आपल्याला असम्प्शनच्या, म्हणजे लेखकानं न बोलता धरलेलं गृहीतक विचारणाऱ्या, प्रश्नात नेमकं हे ओलं सरपण शोधायचं असतं. हे शास्त्र शाळेत का शिकवत नाहीत, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

असम्प्शन तपासायची एक रीत आहे, पर्याय नाकारून बघायचा. द्राक्षाचं उदाहरण घेऊ. 'ज्या बागायतदारांनी प्लास्टिकचं आच्छादन घातलं, त्यांचं अवकाळीत इतरांपेक्षा कमी नुकसान झालं. म्हणून सगळ्यांनी आच्छादन घातलं तर सगळ्यांचंच नुकसान कमी होईल.' एक पर्याय म्हणतो, 'आच्छादन घातलेल्या बागांवर पाऊस इतरांपेक्षा कमी झाला नव्हता.' हा नाकारा: त्या बागांवर पाऊसच कमी झाला होता. गेला युक्तिवाद, श्रेय आच्छादनाला देताच येत नाही. म्हणजे हे गृहीत धरणं लेखकाला भागच होतं. दुसरा पर्याय, 'आच्छादनाचा खर्च एका हंगामात वसूल होतो.' नाकारा: वसूल होत नाही. तरी नुकसान कमी होईलच ना? मग हे गृहीतक नाही. इथं पुन्हा घरच्या माणसाचा पाय घसरतो, कारण घरी आच्छादनाबद्दल बोलणं निघालं की पहिला विषय खर्चाचाच असतो.

नाकारताना एक सांभाळा. 'सगळ्या बागा वाचल्या' याचा नकार 'एकही वाचली नाही' असा नाही, 'निदान एक तरी वाचली नाही' एवढाच आहे. मुलं नकार फार जोरात करतात आणि मग प्रत्येक पर्याय गृहीतक वाटायला लागतो.

इन्फरन्सच्या, म्हणजे दिलेल्या विधानांवरून काय निघतं असं विचारणाऱ्या, प्रश्नात दिशा उलटी होते. तिथं विधानं पक्की धरायची आणि त्यांतून जे टळूच शकत नाही तेवढंच म्हणायचं. समजा, वर्गातले बहुतेक जण कॉमर्सचे आहेत आणि वर्गातले बहुतेक जण नोकरी करतात. यावरून काय निघतं? कॉमर्सचे बहुतेक जण नोकरी करतात, हे निघत नाही. नोकरी करणारा निदान एक तरी कॉमर्सवाला आहे, हे निघतं, कारण निम्म्याहून मोठे दोन गट एकमेकांना न शिवता एका वर्गात मावत नाहीत. उत्तर असं बेचव असतं. दमदार, ठासून बोलणारा पर्याय दिसला की इथं सावध व्हा. ठळक अक्षरातल्या वाक्यांची भूमिका विचारणाऱ्या प्रश्नांवर मी वेळ घालवत नाही. निष्कर्ष कोणता आणि आधार कोणता हे ओळखता आलं की ते सुटतात.

सरावाचं विचाराल तर पाचशे प्रश्न सोडवले असं कुणी सांगितलं की मी विचारते, वही दाखव. वहीत चुकलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर लिहिलेलं असतं, बाकी काही नाही. ते वाचून पुढचा प्रश्न सुटत नाही. पाचही पर्यायांपुढे एकेक ओळ हवी: हा का नाही, हा का हो. बरोबर आलेल्या प्रश्नालासुद्धा, कारण त्यातले काही नशिबानं आलेले असतात. 'विषयाबाहेर' एवढंच लिहून भागवू नका, कोणत्या निष्कर्षाच्या बाहेर ते लिहा. आणि प्रश्न शक्यतो परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं प्रसिद्ध केलेलेच घ्या. बाजारातल्या पुष्कळ संचांत दोन पर्याय सारखेच बरोबर असतात आणि त्यांच्याशी भांडण्यात तुमची संध्याकाळ जाते.

मागून वेळेबद्दल विचारलं गेलंय. आताच्या जीमॅटमध्ये व्हर्बलला, म्हणजे भाषेच्या विभागाला, 45 मिनिटांत 23 प्रश्न आहेत, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत, आणि त्यातच रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचे लांब उतारे. सेंटेन्स करेक्शन, म्हणजे वाक्य दुरुस्त करायचे प्रश्न, हे 2023 मध्ये नव्या स्वरूपाबरोबर गेलं, त्यामुळे क्रिटिकल रीझनिंगचं वजन वाढलं. तरी सुरुवातीला घड्याळ लावू नका. वहीतल्या ओळी न अडखळता लिहिता यायला लागल्या की मग लावा, वेग बराचसा आपोआप आलेला असतो.

आणि हो, विभागाच्या शेवटी वेळ उरला तर तीनपर्यंत उत्तरं बदलता येतात. बदला, पण उताऱ्यातला निसटलेला शब्द बोट ठेवून दाखवता येत असेल तरच. 'आता दुसरंच बरोबर वाटतंय' एवढ्यावर हात लावू नका.