१०२२ वजा १३

(दृश्य: रिकामी खोली. लांब टेबलामागे पांढऱ्या कोटातले दोघे, शेजारी तिपाईवर कॅमेरा.)

दुपारचे सव्वातीन. वेळ मुद्दाम निवडलेली आहे. कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की वाढणारं आणि लाळेतूनही मोजता येणारं संप्रेरक, पहाटेपासून चढतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं आणि मग दिवसभर उतरत जातं. सकाळी प्रयोग घेतला तर ताणाने झालेली वाढ त्या नेहमीच्या चढउतारात हरवून जाते. दुपारी मूळ पातळी खाली आलेली असते, त्यामुळे लहानशी लाटही दिसते.

माणसाला मुद्दाम ताण देणारी, या खोलीतली चाचणी १९९३ साली जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात किर्शबाउम, पिर्के आणि हेलहॅमर यांनी बसवली. आधी तयारीला थोडा वेळ. मग पाच मिनिटं भाषण: या नोकरीला तुम्हीच का लायक, सांगा. त्यानंतर पाच मिनिटं तोंडी वजाबाकी. १०२२ मधून १३ काढत जायचं. १००९, ९९६, ९८३...

"चूक. १०२२ पासून पुन्हा."

गणित शाळकरी आहे. घाम फुटतो तो समोरच्या चेहऱ्यांमुळे. ते हसत नाहीत, मान डोलावत नाहीत. भाषण लवकर आटोपलं तर म्हणतात, "अजून वेळ आहे," आणि गप्प बसतात. नवख्या परीक्षकाला इथेच दया येते, नकळत मान हलते आणि त्या दिवसाचा लाळेचा नमुना वाया जातो. २००४ साली डिकरसन आणि केमेनी यांनी २०८ प्रयोग तपासले. कुणीतरी आपल्याला जोखतंय आणि परिस्थिती आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की कॉर्टिसॉल सर्वांत जास्त वाढतं, असं त्यातून दिसलं.

(दृश्य: छातीवर लावलेले इलेक्ट्रोड, पडद्यावर ईसीजीची रेघ.)

हृदयाचे ठोके काही सेकंदांत वाढतात, ते काम मज्जातंतूंचं. कॉर्टिसॉलचा रस्ता लांबचा. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला निरोप, तिच्याकडून रक्तावाटे मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीला, आणि तिथून पुढे लाळेत. म्हणून लाळेतलं शिखर चाचणी संपल्यावर साधारण १० ते २० मिनिटांनी येतं. चाचणी संपताच एक नमुना घेऊन माणसाला घरी पाठवलं, तर शिखरही हुकतं आणि उतारही. उतार तर हवाच असतो. चढ सांगतो की शरीर जागं झालं. ते सावरलं कधी, हे कळायला तासभर तरी नमुने घेत राहावं लागतं.

(दृश्य: जवळून. छोटी नळी, आत बोळा.)

बोळा नळीतून थेट तोंडात, साधारण दोन मिनिटं, तसाच परत नळीत. हात लावायचा नाही. बोटांवर हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे औषधातल्या कॉर्टिसॉलचं, मलम असेल तर यंत्र तेच मोजतं. आधी तासभर खाणं नाही, कॉफी नाही, दात घासणं नाही. हिरडीतून आलेलं थोडं रक्तही आकडा फुगवतं, म्हणून गुलाबी झाक दिसली की नमुना बाद. त्याच लाळेत टेस्टोस्टेरॉनही मोजायचं असेल तर कापसाचा बोळा चालत नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांची नोंद वेगळी: त्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल धरून ठेवणारं प्रथिन वाढलेलं असतं, त्यामुळे लाळेतली वाढ दबलेली दिसते.

नमुने उणे २० अंशांवर गोठवायचे, वितळवायचे आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे. गोठल्या-वितळल्याने चिकट द्रव्य सुटं होतं आणि तळाशी बसतं. ते पिपेटमध्ये आलं की माप चुकतं. आणखी एक, फार वेळा विसरलं जाणारं: एका माणसाचे सगळे नमुने एकाच प्लेटवर (अनेक नमुने एकत्र मोजायची खाचांची तबकडी) लावा. नाहीतर दोन प्लेटमधला फरक त्याच्या शरीरातला फरक म्हणून छापला जाईल.

(दृश्य: तीच खोली, दुसरा दिवस.)

खरा प्रश्न दुसऱ्या फेरीत सुरू होतो. २००३ मधल्या एका अभ्यासात लोकांना चार-चार आठवड्यांच्या अंतराने तीनदा या चाचणीला बसवलं. कॉर्टिसॉलचा प्रतिसाद लवकर मंदावला, हृदयाचा मात्र जवळपास तसाच राहिला. म्हणजे "सवय झाली" म्हणताना नेमकी कुणाला झाली, ते विचारावं लागतं. १९९५ च्या प्रयोगात २० निरोगी पुरुष पाच दिवस रोज या दिव्यातून गेले. बहुतेकांचं कॉर्टिसॉल दुसऱ्या दिवसापासून फारसं चढलं नाही. काहींचं मात्र रोज चढत राहिलं.

आणि कामगिरी? थोडा ताण बरा, फार झाला की वाईट, ही उलट्या 'यू'ची आकृती व्याख्यानांत हमखास दाखवतात. तिचं मूळ १९०८ सालच्या यर्क्स आणि डॉडसन यांच्या प्रयोगात आहे, आणि तो विजेचे झटके दिलेल्या उंदरांवरचा होता. माणसांवर मोजायचं तर वजाबाकीचे गुण पुरत नाहीत, कारण चुकलं की पहिल्यापासून सुरुवात असते. स्मृतीची वेगळी चाचणी लागते, ती कॉर्टिसॉल शिखरावर असताना घ्यायची आणि तिचा सराव आधीच संपवायचा. नाहीतर हात बसल्यामुळे सुधारलेले गुण ताणाशी जुळवून घेतल्याच्या खाती जमा होतात.

तुलनेसाठी दुसरा गट असतो. त्यांनाही बोलायचं आहे, उभं राहायचं आहे, आकडेमोड करायची आहे, लाळेच्या वेळाही त्याच. फक्त टेबलामागे कुणी नाही आणि कॅमेराही नाही.

(दृश्य: रिकाम्या खोलीत एकटा माणूस, मोठ्याने १५ मिळवत चाललेला.)

शून्य. पंधरा. तीस. पंचेचाळीस.