पीएसए कुणाची करायची?

(दृश्य : सरकारी मेडिकल कॉलेजची सर्जरी ओपीडी. बाकांवर म्हातारी माणसं, एकदोघांच्या हातात लघवीची पिशवी.)

केसपेपरांचा गठ्ठा टेबलावर आणि टेबलाभोवती फायनल इयरची मुलं-मुली. साठी ओलांडलेले पुरुष इथे एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत सांगतात. धार बारीक झालीय. रात्री चार-पाचदा उठावं लागतं. होऊन आलं तरी मोकळं वाटत नाही. बहुतेकांच्या बाबतीत ही प्रोस्टेटची, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची, वयाबरोबर होणारी साधी वाढ असते. थोड्यांना कॅन्सर असतो.

या विद्यार्थ्यांना प्रोस्टेट कॅन्सरविषयी विचारलं, तर कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा ग्लीसन स्कोअर पाठ असतो. तो किती पसरलाय ते ठरवणारं टीएनएम स्टेजिंग पाठ असतं. हाडांत पसरला की एक्स-रेवर हाड जास्त पांढरं दिसतं, हेही पटकन सांगतात. मग विचारायचं, की लघवीचा काहीच त्रास नसलेल्या साठ वर्षांच्या शेतकऱ्याची पीएसए ही रक्ताची टेस्ट करायची का? इथे वर्गाचे दोन तट पडतात. कुणी म्हणतं, पन्नाशीनंतर सगळ्यांची करा. कुणी म्हणतं, आपल्याकडे त्याची गरजच नाही.

गोंधळ होणं साहजिक आहे. या एका रक्ततपासणीबद्दल जगाचं मत गेल्या चाळीस वर्षांत अनेकदा बदललं आहे.

(दृश्य : लॅबमधली रक्ताची ट्यूब, मशीनच्या पडद्यावर आकडा.)

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. अमेरिकेत १९८६ मध्ये या टेस्टला मान्यता मिळाली ती कॅन्सरचं निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. कॅन्सर शोधायला मदत म्हणून मान्यता आली १९९४ मध्ये. तोवर तिथे धडधाकट माणसांच्या सर्रास पीएसए तपासण्या सुरू झाल्या होत्या. कॅन्सर भराभर सापडू लागले. त्यातले अनेक इतके संथ होते, की त्या माणसाला हयातभर त्यांचा त्रास झाला नसता. तरी ऑपरेशनं झाली, रेडिएशन झालं. काहींची लघवी गळू लागली, काहींचं वैवाहिक आयुष्य संपलं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने या सरसकट तपासणीला नको म्हटलं. २०१८ मध्ये त्याच गटाने भूमिका मवाळ केली. ५५ ते ६९ वयाच्या पुरुषाने डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं, सत्तरीनंतर करू नये. आता ज्या विद्यार्थ्याच्या हातात सीनियरकडून आलेलं जुनं पुस्तक आहे आणि मोबाईलवर नव्या नोट्स, त्याने कोणतं वाक्य खरं मानायचं?

स्क्रीनिंगचा, म्हणजे त्रास नसलेल्यांच्या अशा तपासणीचा, फायदा मुळीच नाही, असंही नाही. युरोपातल्या मोठ्या अभ्यासाचे आकडे बघा. २००९ मध्ये, सुमारे नऊ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, एक मृत्यू टाळायला १,४१० जणांना तपासणीसाठी बोलवावं लागत होतं आणि जादाच्या ४८ जणांचं निदान करून उपचार करावे लागत होते. सोळा वर्षांनंतरच्या हिशेबात बोलावण्याची संख्या ५७० वर आली आणि जादा निदानांची १८ वर. म्हणजे फायदा आहे, पण तो दहा-पंधरा वर्षांनी हाती लागतो. त्यासाठी आकडा वाढलेल्या प्रत्येकाला एमआरआय, बायोप्सी (ग्रंथीचा तुकडा काढून तपासणं), अनुभवी पॅथॉलॉजिस्ट आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा मिळायला हवा. चार ते दहाच्या मध्ये पीएसए असलेल्या साधारण चार जणांतल्या तिघांना बायोप्सीत कॅन्सर निघत नाही. आणि चारच्या खाली असलेल्यांमध्येही तो सापडतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात अशा पुरुषांपैकी १५ टक्क्यांमध्ये सापडला होता.

(दृश्य : प्राथमिक आरोग्य केंद्र. औषधाची खिडकी, बाहेर रांग.)

हा सगळा पसारा तालुक्याच्या गावी कुठून आणायचा? केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात तीस वर्षांवरच्या लोकांसाठी तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा अशा तीन कॅन्सरची तपासणी आहे. प्रोस्टेट नाही. ते सध्या योग्यच आहे असं आम्हाला वाटतं. पण यातून विद्यार्थ्यांनी घेतलेला अर्थ चुकीचा आहे. स्क्रीनिंग नाही म्हणजे प्रोस्टेटकडे बघायचंच नाही, असा तो अर्थ.

ज्याला काही त्रास नाही त्याला तपासणं वेगळं. जो त्रास घेऊन समोर बसला आहे त्याला तपासणं वेगळं. ते टाळण्याची परवानगी कोणत्याही मार्गदर्शक सूचनेने दिलेली नाही.

आज होतं ते नेमकं उलटं. शहरात पंचाहत्तरीच्या आजोबांची पीएसए ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये होऊन जाते, कुणी न विचारता. आणि गावात बासष्ट वर्षांचा माणूस कंबर धरून येतो, तेव्हा हाडांत पसरलेल्या कॅन्सरची शंकाही न घेता त्याला दुखण्याच्या गोळ्या आणि चोळायचं मलम मिळतं. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात प्रोस्टेट कॅन्सरचे सुमारे ३८ हजार नवे रुग्ण आढळले आणि त्याच वर्षी या कॅन्सरने जवळपास निम्मे, सुमारे १८ हजार मृत्यू झाले. अमेरिकेत हे प्रमाण सात नव्या रुग्णांमागे एक मृत्यू असं आहे. तिथल्या आकड्यात संथ कॅन्सर भरपूर आहेत हे खरं, पण आपले रुग्ण उशिरा येतात हेही तितकंच खरं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये म्हटलं, की जगातले वार्षिक नवे रुग्ण २०२० मधल्या १४ लाखांवरून २०४० पर्यंत २९ लाखांवर जातील, आणि वाढीचा मोठा भार गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांवर पडेल.

मशीनशिवाय काय करता येतं, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणीची माणसं गावोगाव फिरत, लक्षणं समजावून सांगत, दवाखान्यात या म्हणत. पुढच्या काही वर्षांत तिथल्या बायका गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीच्या टप्प्यात असताना येऊ लागल्या. स्क्रीनिंगशिवाय, नुसत्या बोलण्याने. प्रोस्टेटच्या बाबतीत असं बोलणारं कोण आहे?

(दृश्य : स्किल्स लॅब. टेबलावर रबरी मॉडेल. ग्लोव्ह घालणारे हात.)

२०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएस अभ्यासक्रमात गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट तपासणं हे कौशल्य आहे. ते मॉडेलवर करून दाखवायचं आहे. सुरुवात म्हणून ठीक. पण रबराला लाज वाटत नाही. खऱ्या रुग्णाला वाटते, आणि त्याच्याहून जास्त ती इंटर्नला वाटते. ओपीडीत पडदा नसतो, मागे रांग असते, आणि केसपेपरवर ‘पीआर’पुढे (म्हणजे याच तपासणीच्या नोंदीपुढे) काहीच न लिहिता पान उलटलं जातं.

म्हणून ही तपासणी नीट बघू.

(दृश्य : पडदा ओढला जातो. फक्त आवाज.)

“बाबा, लघवीच्या जागेची गाठ तपासायची आहे. त्यासाठी मागच्या बाजूने बोट घालावं लागतं. दुखणार नाही, पण अवघड वाटेल. तुम्ही थांबा म्हणालात की थांबेन. चालेल?”

“बघा की, आता डॉक्टरपुढं कसली लाज.”

“डाव्या कुशीवर वळा. गुडघे पोटाशी घ्या. जेली थंड लागेल हं.”

तर्जनी आत, पुढच्या बाजूला. मऊसर, रबरासारखी, मधे खोबण असलेली ग्रंथी लागली तर ती बहुधा साधी वाढ. एखाद्या बाजूला दगडी गाठ लागली, खोबण हरवलेली असली, तर पीएसए कितीही असो, या माणसाला पुढे पाठवायचं. प्रोस्टेटचे बहुतेक कॅन्सर ग्रंथीच्या मागच्या, कडेच्या भागात सुरू होतात. बोट पोहोचतं तेही तिथेच. सुरुवातीचा बारीकसा कॅन्सर बोटाला कळत नाही, त्यामुळे धडधाकट माणसांच्या स्क्रीनिंगसाठी ही तपासणी कमकुवत ठरते. त्रास असलेल्या माणसात मात्र ती एका मिनिटात दिशा देते. खर्च एका ग्लोव्हचा.

पीएसएचा आकडा वाचायचंही शिकावं लागतं. लघवी तुंबून कॅथेटर (लघवीची नळी) घातलेल्या रुग्णाचं रक्त त्याच दिवशी पाठवलं, तर आकडा फुगलेला येणार. लघवीत इन्फेक्शन असेल तरी तेच, म्हणून उपचारांनंतर सहा-आठ आठवडे थांबायचं. रुग्ण सहा महिने फिनास्टेराइड हे प्रोस्टेट आकसवणारं औषध घेत असेल तर आकडा निम्म्यावर आलेला असतो, मनात दुप्पट करून वाचायचा. या तीन गोष्टी माहीत नसल्या, की एका घरी विनाकारण रडारड होते आणि दुसऱ्या घरी खोटा दिलासा पोहोचतो.

आणि एक प्रसंग असा, की तिथे थांबायचंच नाही. वयस्क पुरुष, महिनाभराची पाठदुखी, रात्री वाढणारी. आता पाय लटपटतात, लघवी अडली आहे. मणक्यात पसरलेला कॅन्सर मज्जारज्जूवर दाब आणत असू शकतो. हा माणूस त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचला तर चालत राहण्याची आशा असते. चार दिवसांनी पोहोचला तर बहुधा नसते.

पसरलेला असला तरी हात टेकायचे नाहीत, हे विद्यार्थ्यांना पुरेसं सांगितलंच जात नाही. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं, की पुरुषी हार्मोन बंद केलं की हा कॅन्सर आकसतो. १९६६ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं. दोन्ही वृषण काढण्याचं छोटं ऑपरेशन जिल्हा रुग्णालयात होऊ शकतं, महागड्या इंजेक्शनांइतकाच हार्मोन खाली आणतं, आणि हाडांचं दुखणं काही दिवसांतच उतरू लागतं. निर्णय अवघड असतो, रुग्णाशी आणि घरच्यांशी बसून बोलावं लागतं. पण पर्याय आहे.

(दृश्य : विद्यार्थी गावात, ओसरीवर बसून वहीत नोंदी करताना.)

अलीकडच्या बॅचच्या विद्यार्थ्यांनी गावातली कुटुंबं दत्तक घ्यायची असतात. आज तिथे रक्तदाब मोजला जातो, हिमोग्लोबिन बघितलं जातं. घरातल्या आजोबांना दोन प्रश्न जास्तीचे विचारायला काय हरकत आहे? रात्री किती वेळा उठता, आणि कंबर कधीपासून दुखते. उत्तर बहुधा येतं, “वय झालं की व्हायचंच.” तिथे संभाषण संपवायचं नाही.

मग चिठ्ठी लिहायची. ‘प्रोस्टेट, पुढील उपचारांसाठी’ एवढं खरडून भागत नाही. बोटाला काय लागलं, पीएसए किती आणि कोणत्या तारखेला, तेव्हा कॅथेटर होता का, कोणती औषधं चालू आहेत, पायांत ताकद किती, हे सगळं चिठ्ठीत हवं. महात्मा फुले योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, तेव्हा रेशनकार्ड सोबत न्यायला सांगायचं. आणि मुलाचा किंवा मुलीचा फोन नंबर चिठ्ठीवरही लिहायचा, आपल्या वहीतही. बायोप्सीचा रिपोर्ट यायला दिवस लागतात, तोवर बाबा गावी परतलेले असतात, आणि रिपोर्ट आला हे त्यांना कुणीतरी कळवावं लागतं.