भंडारदऱ्याचे पाणी

श्रोतेहो, नमस्कार. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, प्रवरा नदी रतनगडावर उगम पावते आणि थोडे अंतर वाहिल्यावर भंडारदऱ्याच्या जलाशयात विसावते. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात जोरदार पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. संगमनेर ओलांडून राहाता-श्रीरामपूरच्या सपाटीवर मात्र वर्षभरात जेमतेम पाचशे मिलिमीटर पडतो. पावसाची ही तफावत पाहूनच १९१० मध्ये या धरणाचे काम सुरू झाले. १९२६ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि त्यांचेच नाव धरणाला मिळाले. दगडी बांधकामाची ही भिंत सुमारे ८२ मीटर उंच असून जलाशयात ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे अकरा टीएमसी, पाणी मावते.

हे पाणी शेतापर्यंत कसे पोहोचते, ते पाहण्यासारखे आहे. धरणातून सुटलेले पाणी वीज निर्माण करून नदीपात्रात उतरते, खाली निळवंडे धरणात येते आणि तेथून पुन्हा नदीनेच ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जाते, जिथून प्रवरेचे डावा आणि उजवा हे दोन कालवे निघतात. लाभक्षेत्रातला शेतकरी नमुना सात भरून पाण्याची मागणी नोंदवतो, आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीची, तारीख ठरते आणि पाटकरी कालव्यातून शेताकडे जाणाऱ्या एकेका चारीचे दार उघडत पुढे सरकतो. आवर्तन लांबले किंवा वरच्या अंगाला उपसा वाढला, तर टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचा गहू ऐन ओंबीवर असताना तहानतो. म्हणून टेलकडून सुरुवात करून वर येण्याची पद्धतच मला न्याय्य वाटते, मग ती राबवायला कितीही कठीण असो.

याच पाण्यावर प्रवरेकाठी ऊस उभा राहिला आणि १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. श्रीरामपूर शहराचे पिण्याच्या पाण्याचे तलावही प्रवरेच्या डाव्या कालव्यावर भरतात.

मागणी एवढ्यावर थांबत नाही. प्रवरा टोक्याजवळ गोदावरीला मिळते आणि पुढे जायकवाडीचा नाथसागर पसरलेला आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावे लागते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने हा हिशेब बांधून दिला आहे. नगर आणि मराठवाडा यांच्यात दर तुटीच्या वर्षी त्यावरून वाद पेटतो. तरीही नदीच्या खोऱ्यात वर राहणाऱ्याने खालच्याची तहान मोजली पाहिजे, हे तत्त्व मला मान्य आहे.

मग हाच न्याय जलाशयाच्या काठालाही लागू व्हायला हवा. येथला काळा पाषाण पाणी फारसे धरून ठेवत नाही आणि उतार तीव्र असल्यामुळे पावसाळ्यातला लोंढा थेट धरणात जातो. परिणामी एप्रिल-मे महिन्यांत डोंगरातल्या आदिवासी वाड्यांचे झरे आटतात आणि समोर जलाशय दिसत असताना बायकांना हंडे घेऊन कातळ उतरावा लागतो. या भिंतीची काळजी आपण घेतली आहे: १९६९ मध्ये तिला तडे गेल्याचे आढळले, तेव्हा आधारभिंती बांधून तिचे मजबुतीकरण करण्यात आले. वाड्यांबाबत मात्र ती तत्परता दिसत नाही.

त्यांची गरज किती आहे, तेही सांगतो. पाचशे वस्तीच्या वाडीला, जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचे ठरवले, तर वर्षाला सुमारे एक कोटी लिटर लागतात. धरणाच्या हिशेबात ते अर्धा दशलक्ष घनफूटही भरत नाहीत. अशा वीस वाड्यांना पाणी दिले, तरी ११,०३९ पैकी जेमतेम सात दशलक्ष घनफूट खर्ची पडतील. तेवढा साठा दरवर्षी आवर्तनाचे नियोजन करण्याआधीच राखून ठेवावा आणि तो उपसून वर नेण्यासाठी पंप, वीज आणि देखभाल यांची तरतूद त्याच नियोजनात करावी.