चिठ्ठीवरचा नंबर

लातूर घ्या, परभणी घ्या, नाहीतर एखादं तालुक्याचं गाव. बाजारपेठेत चष्म्याच्या दुकानावर पाटी असतेच: 'कॉम्प्युटरवर डोळ्यांची मोफत तपासणी'. आत यंत्रावर हनुवटी टेकवायची, समोरच्या चित्रातला फुगा बघायचा, की मिनिटभरात चिठ्ठी बाहेर. गिऱ्हाईक म्हणतं, नंबर निघाला.

ऑप्टोमेट्रिस्टचं, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायचं शिक्षण घेतलेल्या माणसाचं, काम तिथून पुढं सुरू होतं. लहान पोर त्या यंत्रात डोकावताना डोळ्यावर जोर देतं आणि मायनस नंबर आहे त्याहून जास्त येतो. ती चिठ्ठी बघून थेट चष्मा केला, तर पोराच्या नाकावर नको तेवढा नंबर बसतो. म्हणून मुलांच्या डोळ्यांत थेंब टाकून तो जोर सैल करतात आणि मगच मोजतात.

(दृश्य: अंधारी खोली, हातात रेटिनोस्कोप, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर काढायचं छोटं यंत्र)

ऑप्टोमेट्रिस्टच्या शिक्षणातली खरी कसोटी हीच. रेटिनोस्कोपमधून उजेडाची पट्टी बाहुलीवर फिरवायची. आतली लालसर झाक पट्टीच्या दिशेनं सरकली तर प्लसची काच, उलट सरकली तर मायनसची. हालचाल थांबून बाहुली एकसारखी उजळेपर्यंत काचा बदलत राहायचं. तपासणारा साधारण ६७ सेंटिमीटरवर बसलेला असतो, त्या अंतरापोटी शेवटी दीड नंबर वजा करायचा. नवशिके नेमकं हेच विसरतात! हात बसायला महिने जातात. पण एकदा बसला की पेशंटला काही विचारावंच लागत नाही. मांडीवरचं बाळ असो की अक्षरओळख नसलेली आजी, डोळा स्वतःच सांगतो. मग आजीसमोर इंग्रजी 'ई'चा तक्ता धरायचा: "आजी, याची बोटं कुणीकडं हायेत, तेवढं हातानं दाखवा."

बारावी सायन्सनंतर पदवीला चार वर्षं लागत आली, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. देशातला असा पहिला चार वर्षांचा अभ्यासक्रम १९८५ मध्ये चेन्नईत सुरू झाला. दोन वर्षांची पदविका त्याच्याही आधीची.

शस्त्रक्रिया मात्र नेत्रतज्ज्ञांकडे, म्हणजे एमबीबीएस करून पुढं डोळ्यांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडे. कुठल्या डोळ्याला चष्मा द्यायचा नाही, हे कळणं ऑप्टोमेट्रिस्टच्या शिक्षणातच येतं. बीड-धाराशिवकडचा ऊसतोड कामगार येतो. पाचट लागून डोळा लाल झालेला, बुबुळावर पांढरा ठिपका. त्यात बुरशी शिरलेली असू शकते. मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घातले, तर दृष्टीच जायची. इथं नंबर काढत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे धाडायचं.

एवढं शिकलेल्या माणसाची नोंद कुठं? अमेरिकेत कॉलेजनंतर चार वर्षांचं शिक्षण, तीन भागांची राष्ट्रीय बोर्ड परीक्षा आणि मग राज्याचा परवाना, त्याशिवाय ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून डोळे तपासता येत नाहीत. आपल्याकडे वर्षानुवर्षं पाटी लावणाऱ्याला देशपातळीवर विचारणारं कुणी नव्हतं. २०२१ मध्ये केंद्रानं सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी कायदा केला. त्यात ऑप्टोमेट्रिस्ट आले, पदवीसाठी किमान ३,६०० तासांची अट आली, राज्य परिषदेकडे नोंदणी आली. उशिरा का होईना, आली. नोंदणीचा नंबर विचारायला गिऱ्हाइकानं लाजायचं काही कारण नाही.

(दृश्य: उसाच्या फडाशेजारच्या कोप्या, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपड्या)

आता ऊसतोड कामगारांच्या पोरांचं बघा. एका डोळ्याला जास्त नंबर असला आणि तो वेळेत सापडला नाही, तर मेंदू त्या डोळ्याचं चित्र घेणंच कमी करतो. उपचार सात-आठ वर्षांच्या आत झाला तर गुण चांगला येतो. पोराला कळत नाही, कारण दुसऱ्या डोळ्यानं सगळं दिसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला शाळेत येतं, तेव्हा बऱ्याचदा हे पोर आईबापाबरोबर कारखान्याच्या गावाला असतं. रेटिनोस्कोप बॅटरीवर चालतो, काचांची पेटी मोटारसायकलवर मावते. कोपीत जाऊनही तपासता येतं. तसं कुणी गेलं नाही, तर यांची तपासणी दिवाळीच्या आधी, गाव सोडण्यापूर्वी झाली तरच झाली.