भाला मोडल्यावरची तलवार

श्रोतेहो, नमस्कार. ग्रीकांची तलवार सरस की रोमनांची, हा वाद इतिहासाची आवड असणाऱ्यांत हमखास रंगतो. नुसती पात्याची लांबी मोजून तो सुटणार नाही, असं माझं ठाम मत आहे. तलवार लढाईत कधी उपसली जाते, ते आधी पाहायला हवं.

ग्रीक पायदळातला हॉप्लाइट लढायचा भाल्याने. भाला मोडला किंवा हातचा गेला, की मग तो ‘क्सिफोस’ उपसायचा. ही दुधारी, पात्याच्या मध्यावर जरा रुंद आणि टोकाला निमुळती. पातं साधारण दीड-दोन फुटांचं. दुसरी ‘कोपिस’: एकधारी, पुढे वाकलेली, आपल्या कोयत्याची आठवण करून देणारी. घोड्यावरून खाली घाव घालायला हीच बरी, असं झेनोफन या ग्रीक लेखक-सेनानीने लिहून ठेवलंय.

रोमन शिपायाचं गणित वेगळं. तो आधी फेकीचा भाला फेकायचा आणि लगेच ‘ग्लॅडियस’ उपसून भिडायचा. त्याची खरी लढाई तलवारीचीच. तलवार उजव्या कमरेला, म्हणजे डाव्या हातातल्या मोठ्या ढालीची अडचण नको. हे हत्यार मुळात स्पेनकडचं, रोमनांनी उचललेलं. पुढे त्याचं पातं आखूड झालं. सुरुवातीला मात्र ते दोन फुटांहून थोडं लांबच होतं, आणि भोसकायला जितकं चांगलं, तितकंच कापायलाही.

लिव्ही या रोमन इतिहासकाराने इ.स.पू. २०० मधला एक प्रसंग दिलाय. ग्रीसच्या उत्तरेकडच्या मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याने रोमनांशी झालेल्या चकमकीत पडलेले आपले घोडेस्वार छावणीत आणवले. त्यांचा सन्मान पाहून सैन्याला चेव येईल, ही त्याची अपेक्षा. पण भाल्या-बाणांच्या जखमा पाहायची सवय असलेल्या त्या सैनिकांपुढे आले ग्लॅडियसने खांद्यापासून तुटलेले हात आणि धडावेगळी मुंडकी. सैन्यात घबराट पसरली. खुद्द राजाही हादरला.

इ.स.पू. १६८ मध्ये मॅसिडोनियातल्या पिडना इथल्या लढाईत तर निकालच लागला. मॅसिडोनियन भाले पाच मीटरांहून लांब; समोरून त्या भिंतीपुढे रोमनांचं काही चालेना. पण उंचसखल जमिनीवर रांगांमध्ये फटी पडल्या आणि रोमन तुकड्या त्यांतून आत घुसल्या. इतक्या जवळ आलेल्या शत्रूवर लांब भाला चालवणार कसा? मॅसिडोनियनांनी आपली छोटी पाती काढली, पण ती रोमनांच्या भक्कम ढालींवर आपटत राहिली. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, तासाभरात सारं आटोपलं.